सुवार्ता सांगणं हे फक्त पाळकांचं काम?

नाशिकच्या शरणपूरला रविवारची उपासना संपली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "सुवार्ता सांगणं पाळकसाहेबांचं काम, आपण दान दिलं की झालं." हा समज चुकीचा आहे. सुवार्ता म्हणजे येशूची शुभवार्ता; ती सांगणं फक्त पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, काम नाही.

बायबलमध्ये मत्तय 28:19-20 इथे येशू शिष्यांना पाठवतो. त्याच्या मूळ ग्रीक वाक्यात मुख्य आज्ञा एकच, "शिष्य करा". जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं हे सगळं तिला जोडून येतं. शिष्य म्हणजे शिकणारा. आमिष दाखवून माणूस शिष्य होत नाही. त्याच्यासोबत राहावं लागतं, वेळ द्यावा लागतो. शिवाय बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये 8 वाचा: छळ सुरू झाला तेव्हा प्रेषित, म्हणजे येशूचे निवडलेले शिष्य, यरुशलेमेतच राहिले, वचन सांगत फिरले ते पांगलेले साधे विश्वासणारे.

आपल्या शरणपूरचंच उदाहरण आहे. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनमध्ये शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पाळक नव्हता. 1873 मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्यानेच वाचली आणि झाडाच्या खोडावर त्यांचं नाव कोरलं. वाचायला तो शिकला होता नाशिकला.