कीबोर्ड बिघडला असं वाटतंय? विंडोज नव्याने टाकण्याआधी हे वाचा

‘बटण दाबलं तरी अक्षर उमटत नाही, दाबून धरलं तर येतं’ अशी तक्रार घेऊन आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपचा कीबोर्ड पुष्कळदा ठणठणीत असतो. उजवीकडचं शिफ्ट ८ सेकंद दाबलेलं राहिलं की ‘फिल्टर कीज’ सुरू करायच्या का, असं विंडोज विचारतं. हात नकळत तिथे टेकलेला असतो, आणि चौकट न वाचता ‘येस’ होऊन जातं. मग झटकन दाबलेली बटणं विंडोज मोजतच नाही. हात थरथरणाऱ्यांसाठी सोय उत्तम. इतरांच्या मात्र डोक्याला ताप. तेच शिफ्ट पुन्हा ८ सेकंद धरा, किंवा सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड उघडून ती बंद करा.

हे न पाहता बरेच जण थेट विंडोज नव्याने टाकतात. त्यात फिल्टर कीज मुळात बंद असल्याने कीबोर्ड चालू लागतो आणि ‘विंडोजच करप्ट होतं’ अशी खात्री पटते. आमच्याकडे येतात ते पुसलेल्या फायली शोधायला! एसएसडीवरून (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवरून) त्या अनेकदा परत मिळत नाहीत. आम्ही हे तोंडावर सांगतो, कुणाला राग आला तरी.

एफ१ ते एफ१२ अचानक आवाज-ब्राइटनेस बदलू लागली, तर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून पाहा. डेल, लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांत चालतं. एक्सेलमध्ये बाणांनी सेलऐवजी अख्खी शीट सरकते? स्क्रोल लॉक सुरू असेल, ते बंद करा.

टच स्क्रीन आपोआप ‘दाबली’ जात असेल, तर चार्जर काढून बघा. त्रास थांबला तर संशय चार्जरवर किंवा सॉकेटच्या अर्थिंगवर, स्क्रीनवर नाही. म्हणून येताना स्वतःचा चार्जर आणाच. तो नसला की निम्मी तपासणी अडते आणि तुमची एक खेप वाया जाते. योग्य वॉटचे चार्जर आम्ही ठेवतो, पण आधी तपासू, मग विकू.

‘नुसतं एक बटण दाबलंत, त्याचे पैसे?’ असं विचारलं जातं. ते बटण दाबण्याआधी बाहेरचा कीबोर्ड जोडून आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन दोष यंत्राचा की विंडोजचा, हे ठरवावं लागतं. दुरुस्ती आमच्याकडे केलीत तर तपासणीची रक्कम बिलातून वजा होते. विंडोज खरंच टाकायची वेळ आली, तर आधी बॅकअप घेतो. तुम्ही घाईत असलात तरी.