तलाव तापवायचाय? आधी गरम पाणी किती गरम आहे ते बघा

सोलापुरात पोहण्याचा तलाव तापवायचा म्हटलं की ऐकणारा तोंडाकडे बघत राहतो. उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जाणारं हे शहर, इथं पाणी तापवायची गरज कुणाला? पण जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे सहाला उघड्या तलावात उतरून बघा. रात्री हवा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरलेली असते आणि पाणी विशीच्या आसपास. स्पर्धेसाठी पाणी २५ ते २८ अंश असावं असा जागतिक जलतरण संघटनेचा नियम आहे, शिकणाऱ्या लहान मुलांना ३० बरं. विशीतल्या पाण्यात आठ-नऊ वर्षांचं पोर थोड्याच वेळात कुडकुडायला लागतं, ओठ निळे पडतात, आणि पालक संक्रांत उलटेपर्यंत सराव बंद ठेवतात. चांगल्या पोहणाऱ्या मुलाचे असे दोन महिने वाया जाणं मला फार लागतं.

पाणी एवढं गार होतं ते नुसत्या गार हवेमुळे नाही. आपली हिवाळ्यातली हवा कोरडी, त्यामुळे पाणी वाफ होऊन उडतं. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं तेच इथं घडतं. एक लिटर पाणी उडून जाताना मागच्या पाण्यातून इतकी उष्णता घेऊन जातं की तेवढ्यात सुमारे ५८० लिटर पाणी एका अंशानं गार होईल. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल तलाव धरा. त्यात सुमारे ४ लाख २० हजार लिटर पाणी बसतं. त्याची पातळी बाष्पीभवनानं फक्त ५ मिलिमीटर उतरली, तरी सगळं पाणी दोन अंशांनी गार होण्याइतकी उष्णता गेली. दिवसा ऊन यातलं बरंच भरून काढतं, रात्री काहीच नाही. म्हणून रात्री तलावावर कव्हर टाकायची तयारी नसेल, तर हीटिंगचा खर्च करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हिशोब. हा तलाव एक अंशानं तापवायला जवळपास ४९० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. २१ वरून २८ वर न्यायचा तर साधारण ३,४०० युनिट. हे काम बारा तासांत उरकायचं म्हटलं तर २८५ किलोवॅट लागतील. दोन दिवस थांबायची तयारी असेल तर ७० किलोवॅट पुरतात. त्यात वाटेत होणारा ऱ्हास मिळवून १२० किलोवॅट धरू. हंगामात एकदाच पाणी वर आणायचं आणि मग नुसतं टिकवायचं असेल, तर घाईसाठी दुप्पट-तिप्पट मोठं यंत्र घेण्यात काही अर्थ नाही.

ही उष्णता तलावाला पोचवतो तो हीट एक्स्चेंजर. त्यात बॉयलरचं, सोलरचं किंवा हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणाऱ्या हीट पंपाचं गरम पाणी एका बाजूनं आणि तलावाचं पाणी दुसऱ्या बाजूनं जातं, मधे धातूची पातळ भिंत असते. पाणी मिसळत नाही, फक्त उष्णता पलीकडे जाते. आणि इथंच गिऱ्हाईक फसतं. विक्रेता सांगतो, ‘साहेब, १२० किलोवॅटचा आहे.’ आकडा खोटा नसतो, पण तो बहुतेकदा ८० अंशांचं पाणी आत शिरेल असं धरून काढलेला असतो. आपल्याकडे गच्चीवरच्या सोलरमधून ५० अंशांचं पाणी येत असेल तर?

भिंतीतून किती उष्णता जाईल हे दोन्हीकडच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. ८० अंशांवर शिरून ६० वर बाहेर पडणारं बॉयलरचं पाणी आणि २६-२८ अंशांचं तलावाचं पाणी यांच्यातला सरासरी फरक ४२ अंशांचा. सोलरचं पाणी ५० वर शिरून ४० वर निघालं तर हा फरक १८ अंशांच्या खाली येतो. म्हणजे तेच यंत्र तेव्हा निम्म्याहूनही कमी काम करणार. ट्यूबवाल्या, म्हणजे नळ्यांच्या, एक्स्चेंजरला बॉयलरसाठी तीन चौरस मीटर पृष्ठभाग पुरत असेल, तर सोलरसाठी जवळपास सात चौरस मीटर हवा. म्हणून कोटेशन मागताना नुसते किलोवॅट लिहू नका. गरम पाणी किती अंशांवर शिरणार, किती अंशांवर निघणार, तलावाचं किती आणि दोन्हीकडचा प्रवाह किती, हे सगळं कागदावर घ्या.

एक्स्चेंजर बसवल्यावर हमखास येणारी तक्रार अशी: तलावात पाणी सोडणाऱ्या इनलेटच्या तोंडाशी हात धरला तर पाणी गार लागतं, यंत्र चालतच नाही. वरच्या तलावाचं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरत असेल तर तासाला ७० हजार लिटर वाहतं. १२० किलोवॅट इतक्या पाण्याला दिले तर ते जेमतेम दीड अंशानं तापतं, आणि हाताला दीड अंश कळत नाही. मग कुणीतरी वॉल्व्ह आवळून प्रवाह कमी करतो. हाताला पाणी गरम लागतं, सगळे खूश. पण ट्यूबमधलं पाणी जास्त तापल्यामुळे तापमानातला फरक घटला, वेग घटल्यामुळे भिंतीला लागून पाण्याचा सुस्त थर साचला, आणि तलावात जाणारी एकूण उष्णता कमी झाली. हातावर न जाता थर्मामीटरवर जावं.

सोलापुरात खरी कसोटी पाण्याची आहे. उजनीचं पाणी पुरत नाही म्हणून अनेक तलाव बोअरवर चालतात, आणि बोअरचं पाणी क्षारांचं. घरच्या गीझरची कॉइल काढून बघितली असेल तर तिच्यावर चढलेलं पांढरं, खरखरीत कवच ओळखीचं असेल. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. म्हणून तो नेमका सगळ्यात तापलेल्या भिंतीवर बसतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या डाईंगवाल्यांना हे सांगायला नको, बॉयलरला क्षार काढणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी ते याचसाठी देतात. एक मिलिमीटरचा थर ट्यूबवाल्या एक्स्चेंजरची क्षमता साधारण एक तृतीयांशानं खाली आणतो. पातळ पत्रे एकाला एक लावून केलेल्या प्लेटवाल्याची मुळात जास्त असलेली क्षमता तेवढ्याच थरानं एक तृतीयांशावर येऊ शकते. प्लेटमध्ये पाणी घुसळत जातं त्यामुळे थर सावकाश धरतो हे खरं, पण तिथली फट काही मिलिमीटरचीच.

म्हणून बोअरचं पाणी आणि बॉयलर अशी जोडी असेल तर मी सरळ ट्यूबचा, टोकं उघडून ब्रश फिरवता येईल असा एक्स्चेंजर घेईन. सोलर किंवा हीट पंप असेल तर प्लेट, कारण कमी जागेत भरपूर पृष्ठभाग मिळतो. पण तो रबरी गॅस्केटचा, उघडता येणारा हवा. ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधून, बंद केलेला स्वस्त पडतो, मात्र त्यातले सांधे तांब्याचे असतात, क्लोरिनच्या पाण्यात ते टिकत नाहीत, आणि उघडून धुता तर मुळीच येत नाही.

धातू निवडताना पाण्याच्या रिपोर्टमधला क्लोराईडचा आकडा बघा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला २५० मिलिग्रॅम क्लोराईड योग्य धरतं, दुसरा स्रोत नसेल तर १,००० पर्यंत चालवून घेतं. ३०४ स्टेनलेस स्टीलला २०० च्या आसपासच धोका सुरू होतो. गळणारी प्लेट उजेडासमोर धरली तर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसतात, बाकी पत्रा चकचकीत. ३१६ एल जातीचं स्टील बरंच जास्त सोसतं. मिठावर क्लोरिन तयार करणारा तलाव असेल तर पाण्यात मीठच लिटरला ३,००० मिलिग्रॅमच्या पुढे असतं, तिथं टायटॅनियमच. टायटॅनियममधून उष्णता नीट जात नाही असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचा अडथळा क्षाराच्या थरापुढे नगण्य असतो.

जागा मात्र चुकवू नका. आधी पंप, मग फिल्टर, मग एक्स्चेंजर, आणि क्लोरिनचा डोस त्याच्याही पुढे, मधे पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न वॉल्व्ह घालून. नाहीतर पंप थांबल्यावर तीव्र क्लोरिन उलटं येऊन धातू खातं. तलावाचा पंप बंद पडला तर गरम बाजूही आपोआप थांबेल असा फ्लो स्विच हवा. दोन्हीकडे वॉल्व्ह आणि धुण्यासाठी नळ्या आधीच काढून ठेवा. आणि साफ करायला आलेल्या माणसाच्या हातात बाथरूमचं ॲसिड दिसलं तर त्याला थांबवा. ते हायड्रोक्लोरिक असतं, त्यातलं क्लोराईड स्टेनलेसला भोकं पाडतं. सायट्रिक किंवा सल्फॅमिक ॲसिड वापरायला सांगा, आणि शेवटी साध्या पाण्यानं भरपूर धुवून घ्या.