पाळीचं विचारलं, जेवणाचं नाही

गेल्या थंडीत यावलकडच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, पंगत बसली. भाचीने चमचाभर भरीत घेतलं, कळण्याच्या भाकरीचे बारीक तुकडे पत्रावळीच्या कडेला लावले आणि म्हणाली, "मामी, आज उपास आहे माझा." कालही उपासच होता. नंतर कळलं, चार महिने तिची पाळी नव्हती. सोनोग्राफी झाली, थायरॉईड झालं, नवससुद्धा बोलून झाला. ती जेवते काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

केळीवाल्यांना यातलं विज्ञान लवकर कळेल. पाण्याचा ताण पडला की केळीची निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबते. आधी झाड तगायचं, घडाचं पुढे बघू. मेंदूतला हायपोथॅलॅमस तास-दीड तासाने जीएनआरएच या संप्रेरकाचा एकेक ठोका देतो. त्यावर पियुषिका ग्रंथी चालते, तिच्यावर अंडाशय. खाणं शरीराच्या खर्चाला पुरेनासं झालं की चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, ताणाचं कॉर्टिसॉल वाढतं आणि ठोके विरळ होतात. अंडं सुटत नाही, पाळी येत नाही. सोनोग्राफीत गर्भाशय ठीकठाक दिसतं, कारण दुखणं तिथलं नसतंच.

वजनावर जाऊ नका. अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणंच तोडायच्या आजारात, किमान हाडकुळेपणा तरी डोळ्यांत भरतो. बुलिमिया या दुसऱ्या आजारात पोरगी बकाबका खाते, मग मोरीत जाऊन उलटी काढते. अंगाने चारचौघींसारखी, पाळीचा मात्र नेम नाही. उलट, अ‍ॅनोरेक्सिया असूनही काहींची पाळी चालू राहते. म्हणून अमेरिकेतल्या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये 'पाळी बंद' ही अटच काढून टाकली.

मला जास्त धास्ती हाडांची वाटते. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटलं की हाडं विरळ होतात, आणि हाडांची पुंजी बहुतेक पंचविशीच्या आतच साठते. गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होतो, घरचे निर्धास्त होतात. पण ती पाळी गोळीची. उपासमार तशीच राहते, हाडंही त्याने भरून येत नाहीत. खरा उपचार म्हणजे पोटभर जेवण, आणि जेवणाची भीती घालवायला मानसोपचारतज्ज्ञ.

भाची आता जळगावला अशा डॉक्टरांकडे जाते. वजन बऱ्यापैकी भरलंय, पाळी अजून नाही; ठोके लयीत यायला कित्येक महिने लागू शकतात. परवा फोनवर म्हणाली, "मामी, शेवभाजी खाल्ली. अर्धी वाटी." मग जरा थांबून, "रस्सा ठेवला बाजूला."