मार्गरीत खरंच मूर्ख होती का? 'द स्कार्लेट पिंपर्नेल'वरच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

बॅरोनेस ऑर्त्सीच्या 'द स्कार्लेट पिंपर्नेल' या कादंबरीबद्दल वाचक काय म्हणतात ते चाळायला घेतलं की एक तक्रार हमखास भेटते: नायिका बिनडोक आहे. कथा फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली. एक इंग्रज उमराव ओळख लपवून फ्रेंच उमरावांना गिलोटिनपासून सोडवून आणतो, आणि पिंपर्नेल हे छोटं लाल, ताऱ्यासारखं फूल ही त्याची खूण असते. मार्गरीत ब्लेकनीला पुस्तकात जो तो 'युरोपातली सर्वांत हुशार बाई' म्हणतो. एवढ्या हुशार बाईला आपला नवराच तो गाजलेला गुप्त नायक आहे याचा पत्ता कसा लागत नाही? आरोप जुना आहे, लोकप्रिय आहे आणि माझ्या मते बराचसा अन्यायकारक आहे. त्याचं मूळ कादंबरीत थोडं आणि कादंबरीच्या पुढच्या आयुष्यात जास्त सापडतं.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. हंगेरीत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये स्थायिक झालेल्या लेखिकेची ही कथा एकामागून एक प्रकाशकांनी परत पाठवली. मग तिचं नाटक झालं. १९०३ साली नॉटिंगहॅममध्ये पहिला प्रयोग झाला आणि ५ जानेवारी १९०५ला ते लंडनच्या रंगमंचावर आलं. समीक्षकांनी जुनाट म्हणून नाक मुरडलं, पण प्रेक्षक येतच राहिले. कादंबरीही त्याच वर्षी छापली गेली. समीक्षक एकीकडे आणि वाचक दुसरीकडे, ही फाळणी पहिल्या दिवसापासूनची आहे.

खरा गुंता रहस्य कधी उघडायचं या निर्णयात आहे. कादंबरीत निवेदन बहुतेक काळ मार्गरीतच्या खांद्यावरून चालतं. तिचा नवरा सर पर्सी आपल्याला तिला दिसतो तसाच दिसतो: कपड्यांचा षोकी, जड पापण्यांचा, मूर्खासारखा हसणारा श्रीमंत. अर्धंअधिक पुस्तक संपल्यावर ती रिचमंडच्या घरात त्याच्या खोलीत पाऊल टाकते. कधीही कामाला हात न लावणाऱ्या माणसाची खोली म्हणावी तर टेबलावर कागद नीट लावलेले आणि भिंतीवर दोन मोठे नकाशे, एक फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याचा, दुसरा पॅरिसच्या आसपासच्या मुलखाचा. निघताना पायाला काहीतरी लागतं. ती वाकून उचलते तर सोन्याची छोटी अंगठी, आणि तिच्यावर तेच ताऱ्यासारखं फूल कोरलेलं. ज्याने नाटक पाहिलेलं नाही आणि कथा आधी ऐकलेली नाही, त्या वाचकाला सत्य इथे मार्गरीतच्या बरोबरीने कळतं. तो तिच्याइतकाच फसलेला असतो, त्यामुळे तिला मूर्ख म्हणायला त्याला तोंड नसतं.

आज असा वाचक मिळणं कठीण. १९३४च्या चित्रपटाने पर्सीचं सोंग प्रेक्षकांना सुरुवातीलाच दाखवून टाकलं, आणि पुढच्या रूपांतरांचा भरही मुखवटा घातलेल्या नायकावर राहिला. पडद्यावर ते शोभतं, कारण नट दोन भूमिका कशा वठवतो हे पाहण्यात मजा असते. पण तेच डोक्यात ठेवून पुस्तक उघडणाऱ्याला मार्गरीतचं प्रत्येक पान संथ वाटतं. उत्तर हातात घेऊन बसलेला वाचक तिला परीक्षेत नापास करतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ही बाई खबरी आहे का? लॉर्ड ग्रेनव्हिलच्या घरच्या मेजवानीत तिला पिंपर्नेलच्या मागावर असलेल्या शोव्हलिन या फ्रेंच प्रतिनिधीसाठी हेरगिरी करावी लागते. आर्मां या तिच्या भावाला गिलोटिनवर पाठवू शकेल असं पत्र शोव्हलिनच्या हाती पडलेलं असतं. पिंपर्नेलच्या एका साथीदाराकडे चिठ्ठी आहे हे तिला दिसतं. ती चक्कर आल्याचं सोंग घेते, मेणबत्तीवर जळणारा तो कागद हिसकावते आणि उरलेली ओळ वाचते: रात्री एक वाजता जेवणाच्या दालनात. ही वेळ ती शोव्हलिनला सांगते. त्याआधी पॅरिसमध्येही तिच्या शब्दामुळे मार्क्विस द सँ सीर मुलांसकट गिलोटिनवर गेलेला असतो. त्या उमरावाने आर्मांला नोकरांकरवी अर्धमेला होईपर्यंत मारलं होतं, कारण त्याने उमरावाच्या मुलीवर प्रेम केलं.

वाचकांचे इथे सरळ दोन तट पडतात. एका तटाच्या मते भावाला वाचवायला तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. दुसरा तट तिला कधीच माफ करत नाही. मला मात्र वाटतं की या हिशेबात पर्सी फार स्वस्तात सुटतो. लग्नानंतर तिने सँ सीर प्रकरणाची कबुली दिली, मानी स्वभावामुळे खुलासा केला नाही, आणि त्याने संसार गोठवून टाकला. त्याच्या मौनाला पुस्तक उदात्तपणा म्हणतं, तिच्या मौनाला गर्व. पहाटेच्या प्रसंगात ती आत निघून गेल्यावर तो तिची पावलं पडली त्या पायऱ्यांची चुंबनं घेतो. या ओळींवर जीव टाकणारे पुष्कळ वाचक आहेत, आणि मीही त्यांतलाच. पण ते प्रेम तिला दिसत नाही. जे तिच्यापासून लपवलं, त्यावरून तिची अक्कल मोजायची, हे बरोबर नाही.

इतिहास जाणणाऱ्यांची तक्रार निराळी असते, आणि ती रास्त आहे. कथा सप्टेंबर १७९२मध्ये सुरू होते. त्या महिन्यात पॅरिसच्या तुरुंगांत हजारावर कैदी कापले गेले, पण गिलोटिनचा रोजचा रतीब १७९३-९४मधला. पहिल्याच प्रकरणात येणारी सार्वजनिक सुरक्षा समिती, म्हणजे क्रांतिकारकांची सत्ताधारी समितीही एप्रिल १७९३मध्ये स्थापन झाली. मृत्युदंड झालेल्यांमध्ये उमराव दहा टक्क्यांहूनही कमी होते. बाकी बहुतेक शेतकरी, कारागीर, दुकानदार. खरा शोव्हलिन हा स्वतः मार्क्विस. तो लंडनमध्ये फ्रान्सचा राजदूत होता, सोळाव्या लुईच्या वधानंतर जानेवारी १७९३मध्ये ब्रिटनने त्याला घालवून दिलं आणि पुढे क्रांतीच्याच तुरुंगात तो पडला. ब्रिटनची तेव्हाची खरी हेरगिरीही वेगळीच होती: स्वित्झर्लंडमधून पैसा पुरवणं, जर्सी बेटावरून पत्रव्यवहार, फ्रान्सच्या खोट्या नोटा.

गेल्या काही दशकांत एका गोष्टीवरून नाराजी वाढली आहे. शेवटच्या भागात पर्सी एका म्हाताऱ्या ज्यूचं सोंग घेतो. फ्रेंच शिपाई ज्यूला तोंड वर करून पाहणारच नाहीत, या तिरस्कारावर ही युक्ती चालते, आणि लेखिका त्या वेषाचं वर्णन किळस वाटावी असं करते. 'तो काळच तसा होता' म्हणून हे झाकता येत नाही, कारण तो काळ नेमका कोणता हे पाहायला हवं. फ्रान्समध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली अडकवलेल्या ज्यू अधिकाऱ्याचं, ड्रेफसचं, प्रकरण अजून मिटलं नव्हतं. तो निर्दोष ठरला १९०६मध्ये. आणि १९०५मध्येच ब्रिटनने परक्यांचा प्रवेश रोखणारा कायदा केला. त्याचा रोख पूर्व युरोपातून पळून येणाऱ्या गरीब ज्यूंवर होता. म्हणजे ज्या वर्षी लंडनकर रंगमंचावर फ्रेंच निर्वासितांच्या सुटकेला टाळ्या वाजवत होते, त्याच वर्षी त्यांची संसद दुसऱ्या निर्वासितांना दार लावत होती. गंमत म्हणजे फ्रेंच निर्वासितही निर्धास्त नव्हते. १७९३मध्ये असाच एक कायदा त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी झाला होता. कादंबरीत त्याचा मागमूस नाही.

१९०६च्या 'आय विल रिपे'मध्ये लेखिका पुन्हा त्याच पेचाकडे वळली. ज्युलिएत मार्नी तिला आवडणाऱ्या माणसाचंच नाव क्रांतिकारकांना कळवते, वडिलांना दिलेल्या शपथेपायी. कोण कोणाला फसवतंय हे वाचकाला तिथे पहिल्यापासून ठाऊक असतं, त्यामुळे वाद नायिकेच्या अकलेवर न जाता तिच्या कृत्यावरच राहतो.