टायलिंग विंडो मॅनेजर : अनेक प्रणालींसाठी बांधणी

पडद्यावरच्या विंडो एकमेकींवर न चढवता, फरशा बसवाव्यात तशा शेजारी-शेजारी आपोआप मांडणारा प्रोग्रॅम म्हणजे टायलिंग विंडो मॅनेजर. नवी विंडो उघडली की आधीच्या आकसतात. ती बंद झाली की मोकळी जागा बाकीच्यांना मिळते. बहुतेक काम कीबोर्डवरून चालते, माउसकडे हात फारसा जात नाही.

कल्पना जुनीच आहे. 1985 सालच्या विंडोज 1.0 मध्ये प्रोग्रॅमच्या विंडो एकमेकींवर येत नसत. ती मुभा 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली. पुढे टायलिंग टिकले आणि बहरले ते मुख्यतः युनिक्स-लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिममध्ये (थोडक्यात एक्स), कारण तिथे विंडो मॅनेजर हा हवा तेव्हा बदलता येणारा वेगळा प्रोग्रॅम असतो. डीडब्ल्यूएम (2006), एक्समोनॅड (2007) आणि आय3 (2009) ही त्यातली ठळक नावे. डीडब्ल्यूएमच्या कर्त्यांनी कोड 2,000 ओळींच्या आत ठेवण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले होते.

असा मॅनेजर लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस या तिन्हींवर चालवायचा, तर मांडणीचा गाभा प्रणालीपासून पूर्ण वेगळा ठेवावा लागतो. या गाभ्याला विंडो म्हणजे फक्त एक क्रमांक. पडद्याचा आयत आणि क्रमांकांची यादी आत जाते, प्रत्येक क्रमांकाचा आयत बाहेर येतो. 1920 × 1080 च्या पडद्यावर तीन विंडो आहेत आणि मुख्य विंडोला 60 टक्के रुंदी द्यायची आहे, असे समजा. मुख्य विंडो 1152 पिक्सेल रुंद होते. उरलेल्या 768 च्या पट्ट्यात दोन विंडो प्रत्येकी 540 उंचीने एकाखाली एक बसतात. त्या पट्ट्यात सात विंडो आल्या की मात्र 1080 ला सातने नि:शेष भाग जात नाही. प्रत्येकीला 154 दिले तर तळाशी 2 पिक्सेलची फट राहते, म्हणून शेवटचीला 156 द्यावे लागतात. हा सगळा हिशेब पडद्याशिवाय तपासता येतो. एक्समोनॅडने आपला गाभा असाच शुद्ध ठेवला आणि त्याचे गुणधर्म स्वयंचलित चाचण्यांनी पडताळले. या क्षेत्रातला हा सर्वांत मोलाचा धडा म्हणावा लागेल.

खरी अडचण अधिकाराची आहे. एक्समध्ये विंडो पडद्यावर येण्याआधीच तिची विनंती मॅनेजरकडे वळवली जाते, आणि हा हक्क एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. दुसऱ्याने मागितला तर एक्सचा सर्व्हर, म्हणजे पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम, त्रुटी परत करतो. वेलँड या एक्सच्या नव्या पर्यायात सगळ्या विंडोंचे मिळून पडद्यावरचे चित्र जुळवणारा कंपोझिटर आणि विंडो मॅनेजर सहसा एकच असतात, त्यामुळे तिथे कामाचा व्याप एकदम वाढतो. स्वे या वेलँडवरच्या टायलिंग मॅनेजरसारखे प्रकल्प त्यासाठी डब्ल्यूएलरूट्स या तयार लायब्ररीचा आधार घेतात. विंडोज आणि मॅकओएसवर बाहेरचा प्रोग्रॅम पाहुणाच असतो. विंडो उघडल्याची बातमी त्याला नंतर कळते, म्हणून ती आधी भलतीकडे दिसते आणि मग जागेवर सरकते. विंडोज 10 पासून बऱ्याच विंडोंना न दिसणारी कडा असते. ती हिशेबात धरली नाही तर दोन विंडोंमध्ये नको असलेली फट पडते. मॅकओएसवर वापरकर्त्याने ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्याच्या विंडोला हात लावता येत नाही.

हलकेपणा केवळ ओळींच्या संख्येत मोजू नये. थोड्या-थोड्या वेळाने सगळ्या विंडो तपासत बसणारा छोटा प्रोग्रॅमही प्रोसेसरला दमवतो. घटना घडेपर्यंत झोपून राहणारा प्रोग्रॅम खरा हलका. पण घटनांवर चालण्यात एक सापळा आहे. मॅनेजरने विंडो हलवली की 'विंडो हलली' ही घटना त्याच्याकडेच परत येते. मिळालेला आयत मागितलेल्याशी जुळला तर थांबायचे, हा उपाय अपुरा पडतो, कारण अनेक टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या विंडो, आपला आकार अक्षरांच्या पूर्ण रांगांमध्येच बदलतात. उंची 540 मागितली आणि एक रांग 17 पिक्सेलची असली, तर 31 रांगांचे 527 मिळतात. मॅनेजर पुन्हा 540 मागतो, टर्मिनल पुन्हा 527 देते, आणि दोघांची ओढाताण थांबत नाही. म्हणून मागणी एकदाच करावी, मिळालेला आकार नोंदवून ठेवावा आणि मांडणी खरोखर बदलेपर्यंत त्या विंडोला पुन्हा हात लावू नये.