हॅच (संगणकीय आरेखन)

हॅच : संगणकावरील नकाशात एखादी बंद आकृती रेषांच्या, ठिपक्यांच्या पॅटर्नने किंवा सलग रंगाने भरण्याची रीत, त्या भरावालाही हॅचच म्हणतात. नागपूरच्या आर्किटेक्ट-इंजिनिअर मंडळींच्या बोलण्यात ‘हॅच मारणे’ हाच शब्दप्रयोग रूढ आहे. सेक्शनमध्ये (इमारतीच्या उभ्या छेदात) कापलेली भिंत विटेची की काँक्रीटची, जोत्याखाली मुरूम की काळी माती, हे वाचणाऱ्याला हॅचवरून कळते. नकाशा उठावदार दिसावा म्हणून हॅच शेवटच्या तासात घाईने उरकला जातो, ही वाईट सवय आहे. साइटवरचा माणूस त्यावर विसंबून काम करतो.

ड्रॉइंग बोर्डच्या काळात हे काम मिनी ड्राफ्टर किंवा सेट-स्क्वेअर सरकवत, अंतर डोळ्यांनी राखत चाले. तेव्हाचे नियम आजही लागू आहेत. भरावाच्या रेषा (छेदरेषा) बारीक आणि साधारणतः ४५ अंशांत असाव्यात. शेजारच्या भागात त्यांची दिशा उलटी करावी. क्षेत्र फार मोठे असेल तर कडेकडेनेच भराव दाखवावा. अगदी पातळ भाग पूर्ण काळा करावा. आकडा किंवा अक्षरे असतील तिथे रेषा तोडावी. भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४६ या पुस्तिकेत यांत्रिक व सर्वसाधारण आरेखनाचे, तर आयएस ९६२ या मानकात इमारतींच्या नकाशांचे संकेत दिले आहेत. ऑटोकॅड हे संगणकावर नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आले. पुढे रेषा मारण्याचे कष्ट संगणकाने उचलले. कुठे काय भरायचे हे ठरवणे मात्र ड्राफ्ट्समनकडेच राहिले.

नागपुरात हा निर्णय जमिनीपासूनच सुरू होतो. शहर दोन वेगळ्या खडकांच्या सांध्यावर वसले आहे : पश्चिमेकडे दख्खनचा काळा बेसाल्ट, पूर्वेकडे त्याहून फार जुने नाइससारखे रूपांतरित खडक. बेसाल्टवरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे इथल्या पायाच्या सेक्शनमध्ये एकाखाली एक पाच-सहा पॅटर्न येतात. काँक्रीटला ‘एआर-कॉन्क’, विटेला ‘एएनएसआय ३१’, सोलिंगला (पायाखालच्या दगडांच्या थराला) ‘ग्रॅव्हल’, मूळ जमिनीला ‘अर्थ’ असे तयार पॅटर्न सापडतात. मुरमासाठी मात्र ऑटोकॅडच्या यादीत स्वतंत्र पॅटर्न नाही. वाळूचा ‘एआर-सँड’ त्याच्या जागी वापरला, तर बाजूला ‘मुरूम भराई’ असे लिहिलेच पाहिजे. जोत्यातला भराव आणि बाहेरची जमीन एकाच पॅटर्नने दाखवली, की खोदलेली काळी मातीच परत जोत्यात जाण्याची वाट मोकळी होते आणि पहिल्या-दुसऱ्या पावसात फरशी उचलते.

खाणकामातही हॅचची भाषा महत्त्वाची आहे. भारतीय खाण ब्यूरो, वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोळसा कंपनी आणि मॉइल ही मँगनीज कंपनी यांची मुख्यालये नागपुरातच आहेत. बोअरहोलच्या (जमिनीत घेतलेल्या चाचणी छिद्राच्या) उभ्या छेदात रूढ संकेताप्रमाणे वालुकाश्म ठिपक्यांनी, शेल (चिखलापासून बनलेला पापुद्रेदार खडक) आडव्या तुटक रेषांनी आणि कोळशाचा थर सलग काळा दाखवतात. शेजारच्या कामठीवरून तर एका खडकसमूहालाच नाव मिळाले आहे.

पॅटर्न म्हणजे चित्र नव्हे, आकड्यांची ओळ असते. मेट्रिक नकाशांसाठीच्या ‘एकॅडआयएसओ.पॅट’ या साध्या मजकूर-फाइलीत ‘एएनएसआय ३१’ ची व्याख्या एवढीच आहे : ४५, ०,०, ०,३.१७५. पहिला आकडा रेषेचा कोन. पुढचे दोन सुरुवातीचा बिंदू. चौथा म्हणजे पुढची रेषा स्वतःच्या दिशेने किती सरकते. पाचवा दोन रेषांमधले लंब अंतर. तुटक रेषा हवी असेल तर आणखी आकडे जोडतात : धन आकडा म्हणजे पेन टेकलेले, ऋण म्हणजे उचललेले, शून्य म्हणजे ठिपका. नोटपॅड उघडून कोणालाही आपला पॅटर्न लिहिता येतो. गच्चीवरच्या ब्रिकबॅट कोब्यासाठी (विटांच्या तुकड्यांच्या थरासाठी) तो लिहून ठेवला, तर पुढच्या प्रत्येक नकाशात कामी येतो.

नवशिक्याची पहिली फजिती स्केलमध्ये, म्हणजे पॅटर्न किती पट मोठा काढायचा त्या आकड्यात होते. मिलिमीटरमध्ये काढलेल्या प्लॅनवर ‘एएनएसआय ३१’ चे स्केल १ ठेवले, तर दहा मीटर लांबीच्या २३० मिलिमीटर भिंतीत दोन हजारांवर रेषा पडतात आणि १:१०० च्या प्रिंटवर भिंत काळीठिक्कर निघते. स्केल ५० ठेवले की कागदावर रेषांमधले अंतर साधारण १.६ मिलिमीटर येते; ते डोळ्याला बरे वाटते. ‘एआर’ने सुरू होणारे पॅटर्न मुळात प्रत्यक्ष मापांवर बेतलेले असल्याने त्यांना हा गुणाकार लावायचा नसतो.

दुसरी अडचण उघड्या कडेची. दोन रेषांची टोके केसभर सुटली तरी सॉफ्टवेअर हॅच नाकारते. अलीकडच्या आवृत्त्या अशा जागी लाल वर्तुळे दाखवतात. ‘एचपीगॅपटोल’ (किती फट चालेल ते ठरवणारी सेटिंग) वाढवून फट चालवून घेता येते, पण फट सांधणेच योग्य. तीच कडा पुढे क्षेत्रफळालाही वापरली जाते : हॅच निवडून प्रॉपर्टीज उघडल्या की क्षेत्रफळ समोर येते. ‘असोसिएटिव्ह’ (कडेशी जोडलेला) ठेवलेला हॅच भिंत सरकली की तिच्यामागे सरकतो. तो एक्सप्लोड करू नये, म्हणजे फोडून सुटा करू नये. सुट्या रेषांचा ढिगारा होतो, फाइल जड होते आणि कडेशी नाते तुटते.

फरशीच्या लेआउटमध्ये हॅचचा खरा उपयोग दिसतो. ‘यूझर डिफाइन्ड’ प्रकारात अंतर ६०० आणि ‘डबल’ चालू केले की ६०० मिलिमीटरच्या टाइलची जाळी तयार होते. मग ‘सेट ओरिजिन’ने (पॅटर्नचा आरंभबिंदू ठरवण्याच्या आज्ञेने) तिचा कोपरा दाराच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवायचा. आत येताना अख्खी टाइल दिसते, कटपीस कपाटाखाली जातात. टाइल किती लागतील, तेही तिथेच मोजता येते.

मंजुरीच्या नकाशात रंग आणि हॅच एकत्र वाचले जातात. राष्ट्रीय इमारत संहितेच्या रंगसंकेतानुसार नवे बांधकाम लाल भरावाने, पाडायचे बांधकाम पिवळ्या हॅचने दाखवतात. मोनोक्रोम प्लॉट-स्टाइल (छपाईची काळी-पांढरी सेटिंग) सगळ्याच रंगांना काळे करते, त्यामुळे असा नकाशा प्लॉटरवाल्याकडे देताना ‘रंगीत काढा’ असे बजावून सांगावे लागते.