लोको पायलट व्हायचंय? रंगतपासणी आधी करा, क्लास नंतर लावा

भुसावळात रेल्वेतलं घर गल्लोगल्ली आहे, त्यामुळे असिस्टंट लोको पायलटची (एएलपी, म्हणजे रेल्वे इंजिनचालकाचा सहायक) तयारी करणारी मुलंही आमच्या चष्म्याच्या दुकानात पुष्कळ येतात. बहुतेक जण येतात ते लेखी परीक्षा पास झाल्यावर. तोवर आयटीआय झालेला असतो, क्लासची फी भरलेली असते. रंगओळखीत काही दोष असेल तर तो त्या दिवशी कळून उपयोग काय? म्हणून हे माहितीपत्रक दहावी-बारावीतल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी काढलं आहे.

रेल्वे इतकी काटेकोर का?

रस्त्यावरच्या सिग्नलला लाल वर आणि हिरवा खाली, हे जागेवरूनही कळतं. रुळावर रात्री, पावसात, लांबून दिसतो तो नुसता एक ठिपका. तो पिवळा असेल तर पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने गाडी चालवायची, हिरवा असेल तर वेगाने जायचं. भरलेली मालगाडी ब्रेक लावल्याबरोबर जागच्या जागी थांबत नाही, त्यामुळे रंग लांबूनच ओळखावा लागतो.

तपासणी कशी होते?

एएलपीचं मेडिकल ए-१ या सर्वात कडक वर्गात होतं. रंगांसाठी पहिलं असतं ते इशिहारा यांचं ठिपक्यांचं पुस्तक. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी ते 1917 साली प्रसिद्ध केलं. पान साधारण 75 सेंटिमीटरवर, दिवसाच्या उजेडात धरतात आणि तीनेक सेकंदांत आकडा सांगायचा असतो. पहिल्या पानावरचे 12 सगळ्यांनाच दिसतात. पुढे एका पानावर निकोप डोळ्याला 74 दिसतात, तर लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्याला त्याच ठिपक्यांत 21 दिसतात. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच 21 दिसतात.

दुसरी तपासणी एड्रिज-ग्रीन कंदिलाची. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून रंगीत दिवा दाखवतात आणि रंगाचं नाव विचारतात. पुस्तकातले आकडे पाठ करून गेलेला मुलगा इथे अडकतो. पाठांतर करू नका. पुढे शेकडो प्रवाशांची गाडी हातात येणार आहे.

मोबाईलवरच्या चाचणीवरही विसंबू नका, प्रत्येक स्क्रीनचे रंग वेगळे असतात.

आईवडिलांसाठी

हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि मुलग्यांत जास्त आढळतो. मुलाकडे तो आईकडून येतो, आईला स्वतःला काहीच त्रास नसला तरी. आईच्या वडिलांना किंवा भावाला रंग ओळखताना अडचण येत असेल, तर मुलाला जरूर घेऊन या. जन्मजात दोषावर गोळी, थेंब किंवा व्यायाम नाही. रंगीत काचेचे चष्मे आणि लेन्स मेडिकलला चालत नाहीत. ‘खात्रीने बरा करतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

लेसिकची घाई नको

ए-१ ला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी 6/6 दिसावं लागतं. त्यासाठी काही मुलं लेसिक, म्हणजे नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया, करून घेतात, आणि लेसिक केलेला उमेदवार एएलपीला चालतच नाही. आधी भरतीची जाहिरात वाचा, मग निर्णय घ्या. ए-१ मध्ये नापास झाल्यावर बदली म्हणून रेल्वेत दुसरी जागा मिळत नाही, हेही त्याच जाहिरातीत असतं.

रंगांची अडचण निघाली तरी रेल्वेची सगळी दारं बंद होत नाहीत. स्टेशन मास्तरला रंगओळख लागते, पण सी-२ वर्गातल्या क्लार्कसारख्या पदांना रंगतपासणी नसते. वेळेत कळलं तर तयारीची दिशा बदलता येते.

आमच्याकडे

आम्ही इशिहारा तपासणी आणि नंबर, दोन्ही बघतो. रंगतपासणीचे वेगळे पैसे घेत नाही. शक्यतो सकाळी या, उजेड चांगला असतो. चष्मा असेल तर तो आणि जुना नंबरचा कागद बरोबर आणा. भरतीत लागणारा दृष्टीचा दाखला मात्र आम्ही देऊ शकत नाही. तो जाहिरातीतल्या नमुन्यावर नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांकडूनच घ्यावा लागतो, आणि अंतिम निकाल रेल्वेच्या डॉक्टरांचाच असतो.